मिठातली पिवळी रेघ सूर्यात कशी शोधावी

गोव्यात पेडण्याच्या बाजूला मी आठवीला विज्ञान शिकवते. आगरवाड्याच्या मिठागरातलं मीठ आमच्या प्रत्येक घरात असतं, म्हणून ताऱ्यांचा धडा मी मिठापासूनच सुरू करते.

प्रकाशाचे रंग वेगळे करून दाखवणारा खोका बनवायला सामान थोडंच लागतं: बुटांचा खोका, जुनी सीडी, दाढीची दोन पाती, काळी चिकटपट्टी. खोक्याच्या एका अरुंद बाजूला बोटभर आडवं भोक पाडा. मधोमध नको, किंचित खाली. नाहीतर प्रकाश सीडीच्या मधल्या भोकावर पडतो. भोकावर पाती समोरासमोर चिकटवा. चिकटवताना मध्ये पोस्टकार्ड धरा आणि मग ते काढून घ्या. फट तेवढीच हवी. रुंद झाली तर रेघा एकमेकींत मिसळतात आणि सगळी मेहनत फुकट जाते. समोरच्या टोकाला सीडी, चमकती बाजू फटीकडे, तळाशी साठ अंशांचा कोन करून, वरचा काठ मागे झुकलेला. तिच्या बरोबर वर झाकणात रुपयाएवढं भोक ठेवा. सांधे काळ्या पट्टीने बंद करा. सीडीवरच्या खाचा एका मिलिमीटरला सुमारे ६२५ असतात, त्याच प्रकाशाचे रंग फाकवतात.

आता झाकणावरच्या भोकावर मोबाइलचा कॅमेरा पक्का चिकटवा. अंधाऱ्या खोलीत ओल्या मिठाची चिमूट चमच्याच्या टोकावर घ्या, चमचा पकडीने धरून गॅसच्या निळ्या ज्योतीत न्या आणि फट ज्योतीकडे करा. मोठं माणूस जवळ हवंच. एक झगझगीत पिवळी रेघ दिसेल, सोडियमची. फोटो काढा. मोबाइल अजिबात न हलवता खोका दिवसा उजळ पांढऱ्या ढगाकडे करा. सूर्याकडे कधीही नाही, डोळा कायमचा जाऊ शकतो. सप्तरंगी पट्ट्यात बारीक काळ्या रेघा दिसतील. दोन्ही फोटो शेजारी ठेवा: पिवळ्या रेघेच्या जागी, ५८९ नॅनोमीटर तरंगलांबीला, सूर्यप्रकाशात काळी रेघ आहे. एका मुलीने विचारलं होतं, "टीचर, सूर्यांत मीठ आसा?" मीठ नाही गं, सोडियम आहे. सूर्याच्या बाहेरच्या थरातले अणू आतून येणारा तेवढाच रंग शोषून घेतात. जर्मन शास्त्रज्ञ फ्राउनहोफरने १८१४ मध्ये या रेघा नोंदल्या. १८५९ मध्ये किर्शहोफ आणि बुन्सेन यांनी त्यांचा अर्थ लावला.

मुलं इथे एक चूक हमखास करतात, म्हणून यावर मी पूर्ण तास घालवते. रेघ ठळक म्हणजे मूलद्रव्य जास्त, असं नाही. सूर्याच्या प्रकाशात कॅल्शियमच्या रेघा फार ठळक आहेत, पण सूर्याच्या वस्तुमानाचा जवळजवळ तीन चतुर्थांश भाग हायड्रोजन आणि उरलेला बहुतेक हीलियम. कोणती रेघ किती उठून दिसेल हे तापमानावरही ठरतं. ते गणित १९२० मध्ये भारतीय शास्त्रज्ञ मेघनाद साहांनी मांडलं आणि त्याच्या आधारे खगोलशास्त्रज्ञ सेसिलिया पेन यांनी १९२५ मध्ये हायड्रोजनचं प्रचंड प्रमाण दाखवलं.

ताऱ्यांना मात्र हा खोका पुरत नाही, त्यांचा प्रकाश फार मंद. दुर्बिणीला ग्रेटिंग, म्हणजे सीडीसारख्या बारीक खाचांची काच, लावावं लागतं. मग अभिजित (व्हेगा) ताऱ्यामध्ये हायड्रोजनच्या काळ्या रेघा आणि तांबूस काक्षीमध्ये (बीटलज्यूस) टायटॅनियम ऑक्साइडचे रुंद पट्टे शोधा.