होस्टनेमवरून ठिकाण ओळखताना या चुका टाळा

फ्रँकफर्टहून ट्रेसराऊट (पॅकेट, म्हणजे डेटाचा तुकडा, कोणकोणत्या राउटरमधून जातो ते दाखवणारी आज्ञा) चालवला, सहाव्या हॉपच्या, म्हणजे वाटेतल्या सहाव्या राउटरच्या, होस्टनेममध्ये ‘जीआयजी’ दिसलं, आणि निष्कर्ष तयार: पॅकेट रिओला जाऊन आलं! जीआयजी हा रिओ दि जानेरोच्या विमानतळाचा कोड आहे, हे खरंच. पण राउटरच्या नावात ही अक्षरं बहुतेक वेळा ‘गिगाबिट’ची असतात. ‘पीओएस’ म्हणजे पोर्ट ऑफ स्पेन, तसंच सोनेट या जुन्या फायबर-तंत्रावर चालणारा ‘पॅकेट ओव्हर सोनेट’ पोर्टही. ‘सीओआर’ म्हणजे अर्जेंटिनातलं कोर्दोबा किंवा नुसतं ‘कोअर’, म्हणजे नेटवर्कच्या गाभ्यातला राउटर. तीन अक्षरं दिसली की विमानतळ शोधायचा, ही सगळ्यात महागात पडणारी सवय.

नावाचे ठिपक्यांनी पाडलेले तुकडे वाचा. सर्वसाधारणपणे डावीकडे इंटरफेस (राउटरचा पोर्ट), मग राउटर, मग शहर आणि शेवटी कंपनीचं डोमेन असतं. हा काही नियम नाही, म्हणून त्याच कंपनीची वीस-पंचवीस नावं एकाखाली एक मांडा. शहराचा रकाना कोणता ते आपोआप दिसतं. तिथे सहा अक्षरं असतील तर विमानतळ विसरा. उत्तर अमेरिकेत टेलिफोन कंपन्यांचे सीएलएलआय कोड चालतात: चार अक्षरं शहराची, दोन राज्याची. ‘डीएलएलएसटीएक्स’ म्हणजे डॅलस, टेक्सस. आणि शेवटी ‘डॉट आयओ’ किंवा ‘डॉट टीव्ही’ असेल तर त्यावरून देश ठरवू नका.

आता वेळ तपासा. फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो, म्हणजे जाऊन-येऊन १ मिलिसेकंदात फार तर १०० किलोमीटरचं अंतर. फ्रँकफर्ट ते रिओ साडेनऊ हजार किलोमीटर. ९५ मिलिसेकंदांच्या आत उत्तर येणं शक्यच नाही. तो सहावा हॉप ४ मिलिसेकंदांत उत्तर देत असेल, तर रिओचा विषय तिथेच संपला. उलट बाजूने मात्र हा तर्क चालत नाही. उत्तर १२० मिलिसेकंदांनी आलं म्हणून राउटर लांब आहे असं नाही: राउटर अशी उत्तरं सवडीने देतात, एमपीएलएसमुळे (पॅकेटांना लेबलं लावून ठरलेल्या वाटेने नेण्याच्या पद्धतीमुळे) आकडे फुगू शकतात, परतीची वाटही वेगळी असू शकते. वीसेक वेळा मोजा आणि सर्वांत कमी आकडा धरा.

एक चूक जाणकारही करतात. दोन कंपन्यांना जोडणाऱ्या लिंकची दोन्ही टोकं एकाच कंपनीच्या आयपी ब्लॉकमधली असतात. त्यामुळे ग्राहकाच्या राउटरवरच्या इंटरफेसलाही पुरवठादारानेच नाव दिलेलं असतं, आणि त्यातलं शहर असतं पुरवठादाराच्या टोकाचं. लिंक लांबची असेल तर राउटर भलत्याच गावात सापडतो. अशा हॉपच्या मागचं-पुढचं नाव पाहिल्याशिवाय त्यावर विसंबू नका.

शिवाय पीटीआर नोंद (आयपी पत्त्यावरून नाव सांगणारी डीएनएस नोंद) अनेकदा हाताने लिहिलेली असते. राउटर दुसऱ्या शहरात हलतो, पत्ता तोच राहतो, नाव बदलायचं राहून जातं. एवढं करूनही शंका उरली, तर राइप ॲटलस या जगभर पसरलेल्या मोजणी-जाळ्याचा त्या शहरातला प्रोब (मोजणी करणारं छोटं उपकरण) निवडून तिथून त्या राउटरला पिंग करा, म्हणजे उत्तराला किती वेळ लागतो ते मोजा. १-२ मिलिसेकंदांत उत्तर आलं, तर नाव खरं बोलतंय.