अमेरिकेत शाळेचं वर्ष संपताना काय काय करायचं: नवीन आलेल्या आईबाबांसाठी

अमेरिकेत नवीन आलेल्या बऱ्याच आईबाबांना वाटतं की वर्षअखेरीला आपल्याकडच्या गॅदरिंगसारखा एक मोठा कार्यक्रम होईल, त्याचं आमंत्रण येईल, आपण छान तयार होऊन जाऊ आणि फोटो काढून येऊ. तसं होत नाही. इथे शेवटचे पाच-सहा आठवडे हा सोहळा तुकड्यातुकड्यांनी चालू असतो, भर शाळेच्या वेळात, मंगळवारी सकाळी सव्वानऊला वगैरे, आणि त्यातलं बरंचसं पालकच हाताने उभं करतात. हे कुणी सांगितलेलं नसेल तर पोरगं फिल्ड डेला, म्हणजे मैदानी खेळांच्या दिवशी, एकटंच वेगळ्या रंगाचा टीशर्ट घालून जातं, किंवा पाचवीच्या निरोपाला बाकी सगळ्यांचं कुणी ना कुणी आलेलं असतं आणि आपलं कुणीच नसतं, आणि त्या वयात ते मनाला फार लागतं. म्हणून सगळं क्रमाने लिहितेय. जमेल तेवढं करा, पण माहीत मात्र सगळं असू दे.

१. आधी तुमच्या डिस्ट्रिक्टचं कॅलेंडर उघडा, मगच भारताचं तिकीट

अमेरिकेत साधारण १३ हजार स्कूल डिस्ट्रिक्ट, म्हणजे त्या त्या भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या स्थानिक संस्था, आहेत आणि प्रत्येकाचं कॅलेंडर त्यांचं त्यांचं असतं, त्यामुळे दुसऱ्या गावात राहणाऱ्या मैत्रिणीच्या तारखांवर जाऊ नका. टेक्सास, जॉर्जियाकडे शाळा ऑगस्टमध्ये सुरू होते म्हणून मे संपता संपता उरकते, तेच न्यूयॉर्क, न्यू जर्सीकडे लेबर डेच्या (सप्टेंबरचा पहिला सोमवार) आसपास सुरू होते त्यामुळे जूनचा निम्मा किंवा जवळजवळ अख्खा महिना शाळा चालूच असते. बऱ्याच राज्यांत १८० दिवस किंवा तेवढे तास शाळा भरलीच पाहिजे असा नियम आहे, त्यामुळे थंडीच्या भागात हिवाळ्यात स्नो डेच्या, म्हणजे बर्फामुळे शाळा बंद राहण्याच्या, सुट्ट्या जास्त झाल्या की जूनमधली शेवटची तारीख पुढे सरकते. १९ जूनची जुनटीन्थची (गुलामगिरी संपल्याच्या आठवणीची) सुट्टी २०२१ पासून देशपातळीवरची झालीये, तीही मधे येते. कॅलेंडरच्या खाली बारीक अक्षरात मेक-अप डेज, म्हणजे बुडालेले दिवस भरून काढायच्या तारखा, असं काहीतरी लिहिलेलं असतं ते नक्की वाचा.

आता तिकिटाचं. शाळा संपायच्या आधीच्या आठवड्यात तिकीट स्वस्त मिळतं हे खरंय आणि आपल्यातले खूप जण तेच करतात, पण माझं स्पष्ट मत आहे की परवडत असेल तर मुलांना शेवटच्या दिवसापर्यंत शाळेत राहू द्या. वर्षभर ज्या मुलांबरोबर डबा खाल्ला त्यांच्यातली काही पुढच्या वर्षी दुसऱ्या वर्गात जातात, काही गाव सोडतात, त्यांना बाय म्हणायचा तो एकच आठवडा असतो. आणि जावंच लागणार असेल, आजी आजारी आहे, घरात लग्न आहे, तर शिक्षकांना आणि ऑफिसला आधीच लेखी कळवा आणि लागोपाठ गैरहजेरीचा नियम काय ते विचारा, कारण काही ठिकाणी ठराविक दिवसांनंतर मुलाचं नाव पटावरून काढतात आणि मग परत आल्यावर घरभाड्याच्या करारापासून सगळी कागदपत्रं पुन्हा द्यावी लागतात.

२. व्हॉलंटिअरचा फॉर्म मार्चमध्येच भरून टाका

वर्गात किंवा मैदानावर मदतीला जायचं असेल तर बऱ्याच डिस्ट्रिक्टमध्ये आधी बॅकग्राउंड चेक, म्हणजे तुमच्यावर काही गुन्ह्याची नोंद नाही ना याची तपासणी, होतो आणि तो व्हायला वेळ लागतो, मे महिन्यात सगळ्यांची एकदम झुंबड उडते. दारात ऑफिसमध्ये फोटो असलेलं ओळखपत्र मागतात, ते स्कॅन करून स्टिकर देतात, ते शर्टावर चिकटवल्याशिवाय आत सोडत नाहीत. आजी-आजोबा भारतातून आलेले असतील आणि त्यांना न्यायचं असेल तर त्यांचा पासपोर्ट चालतो का ते ऑफिसला एक फोन करून विचारून ठेवा, ऐनवेळी दारात अडकायला नको.

पीटीए म्हणजे पालक-शिक्षकांची संघटना, ही अमेरिकेत १८९७ पासून आहे, आणि वर्षअखेरीचं निम्मं काम तिच्यावर किंवा तशाच एखाद्या गटावर असतं. रूम पेरेंट म्हणून प्रत्येक वर्गाची एखादी आई किंवा बाबा असतात, त्यांचे ईमेल पंधरा ठिकाणच्या जाहिरातींमध्ये हरवू देऊ नका, त्यातच साइन-अपची, म्हणजे कोण काय आणणार ते नोंदवायची, लिंक असते. प्लेट्स, बर्फ, ज्यूस असल्या सोप्या गोष्टी पहिल्या तासाभरात संपतात. इंग्रजी बोलायला अवघडल्यासारखं होतं म्हणून पुष्कळ आया मागे राहतात, त्यांना माझं सांगणं आहे की दोरी धरायला, फुगे फुगवायला आणि टेबल पुसायला इंग्रजी लागत नाही, आणि एकदा शेजारी शेजारी उभं राहून काम केलं की बोलणं आपोआप सुरू होतं.

३. काउंटडाउनचा कागद फ्रिजवर लावा

लहान वर्गांमध्ये बऱ्याचदा एबीसी काउंटडाउन असतो, म्हणजे शाळेचे शेवटचे २६ दिवस आणि रोज एक अक्षर. ए ला ऑटोग्राफ, बी ला बबल्स, पी ला पजामा डे, एस ला स्टफ्ड अ‍ॅनिमल घेऊन यायचं, असं काहीतरी शिक्षक ठरवतात आणि एकच कागद दप्तरातून घरी येतो, तो बहुतेक वेळा चुरगळलेला असतो. तो आला की फोटो काढा, फ्रिजवर लावा आणि रात्री झोपायच्या आधी दुसऱ्या दिवशीचं अक्षर मुलांकडूनच वाचून घ्या. यासाठी काही विकत आणायची गरज नाही हो, उलटा टीशर्ट, दोन वेगवेगळे मोजे, बाबांची जुनी टोपी यात सगळं भागतं.

४. फिल्ड डे

हा मुलांचा सगळ्यात लाडका दिवस. रस्सीखेच, पोत्यांची शर्यत, ओला स्पंज हातोहात देत बादली भरायची, पाण्याचे फुगे. प्रत्येक वर्गाला एक रंग दिलेला असतो, तो दोन आठवडे आधी विचारून घ्या, नाहीतर आदल्या रात्री दुकानात त्याच रंगाचा टीशर्ट शोधत फिरावं लागतं. सनस्क्रीन घरूनच लावून पाठवा, शाळेत शिक्षक लावून देतील असं धरून चालू नका. जुने बूट, जास्तीचा मोज्यांचा जोड, पाण्याच्या बाटलीवर नाव. मदतीला जाणार असाल तर टोपी घाला आणि फोनवर बोलत कडेला उभे राहू नका, मुलं बघत असतात आपले आईबाबा नक्की काय करतायत ते. दोन तास रस्सीखेचीच्या दोरीपाशी उभं राहिलं की वर्गातल्या सगळ्या मुलांची नावं पाठ होतात, आणि कुठलं मूल हरल्यावर एकटं जाऊन बसतं तेही दिसतं, त्याच्याशी दोन शब्द बोला.

खाऊ न्यायचा असेल तर आधी विचारा. अ‍ॅलर्जीमुळे बऱ्याच शाळा घरी केलेलं काहीही घेत नाहीत, दुकानातलं सीलबंद आणि घटकांची यादी छापलेलं पाकीटच लागतं, आणि शेंगदाणा-बदाम-काजू तर कित्येक वर्गांत पूर्ण बंद. आपल्याला वाटतं प्रेमाने केलेल्या लाडवाला नाही कसं म्हणतात, पण एखाद्या मुलाला शेंगदाण्याच्या नुसत्या अंशानेही श्वास घ्यायला त्रास होऊ शकतो, तेव्हा हा नियम मनापासून पाळायचा.

५. शिक्षकांचे आभार

टीचर अप्रिसिएशन वीक मे महिन्याच्या पहिल्या पूर्ण आठवड्यात असतो, आणि नंतर परत शेवटच्या दिवशी लोक काहीतरी देतात. महागडी भेट द्यायची अजिबात गरज नाही, उलट काही राज्यांत सरकारी शाळेच्या शिक्षकांनी किती किमतीची भेट घ्यायची यावर कायद्याने मर्यादा आहे. मॅसॅच्युसेट्समध्ये अख्ख्या वर्गाने मिळून दिलेली भेट १५० डॉलरपर्यंत चालते, आणि तीसुद्धा कुणी किती दिले ते न सांगता, नुसती वर्गाकडून म्हणून. मला ही पद्धत फार आवडते, ज्याला जमेल त्याने द्यावं, नसेल जमत त्याने नाही द्यावं, कुणाचं नाव पुढे येत नाही.

खरी भेट म्हणजे पत्र. मुलाला नुसतं थँक्यू लिही म्हणाल तर तो थँक्यू लिहून मोकळा होईल. त्याऐवजी जेवताना विचारा, या वर्षी कधी रडू आलं होतं का, तेव्हा टीचर काय म्हणाल्या, कुठलं गणित आधी येत नव्हतं आणि मग यायला लागलं. त्यातून एक गोष्ट निघते, जसं की पहिल्या आठवड्यात माझं नाव कुणालाच म्हणता येत नव्हतं तेव्हा तुम्ही ते फळ्यावर लिहून सगळ्यांकडून म्हणून घेतलंत. बस, तेवढंच एक वाक्य त्याच्या अक्षरात. खाली तुमच्या दोन ओळी. आणि ते पत्र प्रिन्सिपललाही ईमेलने पाठवा, शिक्षकांचं चांगलं काम त्यांच्या वरिष्ठांपर्यंत लेखी पोचतं. बस ड्रायव्हर, कॅफेटेरियातल्या बाई, नर्स, सफाई करणारे काका, वर्गातल्या मदतनीस यांना शक्यतो विसरू नका, यांना कार्डं कमी येतात.

६. निरोपाचे कार्यक्रम

प्राथमिक शाळा बऱ्याच ठिकाणी पाचवीला संपते. तिथे क्लॅप-आउट करतात, म्हणजे बाकीच्या वर्गांची मुलं कॉरिडॉरच्या दोन्ही बाजूंना उभी राहतात आणि पाचवीची मुलं मधून टाळ्यांच्या गजरात बाहेर पडतात. पालकांना दाराबाहेर किंवा कॉरिडॉरच्या शेवटी उभं करतात, वेळेच्या वीस मिनिटं आधी पोचा, हा कार्यक्रम पाच-दहा मिनिटांत संपतो. बालवर्गाचं आणि आठवीचंही छोटं काहीतरी असतं.

बारावीचं मात्र मोठं. टोपी आणि गाऊनची ऑर्डर काही महिने आधीच द्यावी लागते. प्रत्येक घराला कार्यक्रमाची मोजकीच तिकिटं मिळतात, त्यामुळे आजी-आजोबा येणार असतील तर जास्तीच्या तिकिटांचं आधीच विचारा, न वापरलेली तिकिटं लोक एकमेकांना देतात. स्टेडियममध्ये बरेचदा फक्त आरपार दिसणारी पिशवी चालते. नाव पुकारणाऱ्याला आपल्या नावाचा उच्चार कळावा म्हणून शाळा फॉर्म किंवा रेकॉर्डिंग मागते, ते मुलावर सोडू नका, बसून नीट भरा, त्या एका नावासाठी घरचे हजारो मैलांवरून आलेले असतात किंवा पुण्यात रात्री जागून लाइव्ह बघत असतात. लाइव्ह दाखवणार असतील तर लिंक डिस्ट्रिक्टच्या साइटवर मिळते.

काही डिस्ट्रिक्टमध्ये बारावीची मुलं गाऊन घालून आपल्या जुन्या प्राथमिक शाळेत फेरी मारतात. तुमचं मूल पहिली-दुसरीत असेल तरी त्या दिवशी त्याला शाळा चुकवू देऊ नका. इतकी उंच झालेली मुलं त्या बुटक्या पाण्याच्या नळापाशी वाकून पाणी पितात आणि लहान मुलं तोंडाचा आ करून बघत राहतात.

इयरबुक, म्हणजे वर्षभराच्या फोटोंचं शाळेचं पुस्तक, पण राहिलं. त्याची ऑर्डर बऱ्याच ठिकाणी हिवाळ्यातच बंद होते, जास्तीच्या प्रती थोड्याच असतात. मागच्या कोऱ्या पानांवर मित्रांच्या सह्या घेतात, तेव्हा एक चांगलं पेन दप्तरात टाका. खर्च जड जात असेल तर शाळेतल्या काउन्सेलरशी (मुलांना सल्ला आणि मदत देणाऱ्या) बोला, पुष्कळ शाळा खाजगीत मदत करतात.

७. परत करायच्या वस्तू आणि शेवटचा दिवस

लॅपटॉप, त्याचा चार्जर, लायब्ररीची पुस्तकं, बँडचं वाद्य, टीमचा युनिफॉर्म. चार्जर हरवला तर बिल येतं. नर्सकडे इनहेलर किंवा कुठलंही औषध ठेवलेलं असेल तर ते आणायला बहुतेक ठिकाणी पालकांनाच जावं लागतं, मुलाबरोबर देत नाहीत, आणि नेलं नाही तर टाकून देतात. लॉस्ट अँड फाउंडचं, म्हणजे हरवून सापडलेल्या वस्तूंचं, टेबल एकदा बघून या, उरलेले जॅकेट शेवटी दान करतात.

शेवटचा दिवस बहुधा अर्धाच असतो. बस लवकर येते आणि आफ्टर-केअर, म्हणजे शाळा सुटल्यावरचं पाळणाघर, त्या दिवशी बंद असू शकतं, हे दोन्ही आधीच्या आठवड्यात नक्की करा. दुपारी कामावरून निघता येणार नसेल तर ज्याला मूल सोपवायचंय त्याचं नाव शाळेच्या यादीत असायला हवं.

रिपोर्ट कार्ड शाळेच्या ऑनलाइन पोर्टलवर आलं की लगेच डाउनलोड करा, उन्हाळ्यात पोर्टल मधेच बंद ठेवतात आणि गाव बदलणार असाल तर नवीन शाळा तेच मागते. लंचच्या खात्यात उरलेले पैसे सहसा पुढच्या वर्षी जातात, बारावीच्या मुलाचे मात्र मागून घ्या किंवा धाकट्याच्या खात्यात वळवा. आणि उन्हाळ्यात सरकारी योजनेतून बऱ्याच शाळा, लायब्ररी, पार्कमध्ये मुलांना फुकट जेवण मिळतं, अशा खुल्या केंद्रांवर १८ वर्षांपर्यंतच्या कुठल्याही मुलाला, नाव न नोंदवता, उत्पन्नाचे कागद न मागता. तुम्हाला गरज नसेल पण शेजारी कुणाला असू शकते, तेव्हा डिस्ट्रिक्टचं ते पत्रक आलं की व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकून द्या.