पहिल्यांदाच सभा चालवणार असाल तर

अध्यक्षपद पहिल्यांदा वाट्याला आलं की बहुतेकांना भाषणाचीच काळजी लागते. भाषणाचं राहू द्या. संस्थांच्या सभा चालवता चालवता माझं ठाम मत झालंय की अर्धं काम सभेआधीच उरकावं लागतं. आदल्या दिवशी सचिवांबरोबर विषयपत्रिका घेऊन बसा. प्रत्येक विषयापुढे लिहा, नुसती माहिती द्यायची आहे, चर्चा हवी आहे की निर्णय. वादाचा विषय लवकर घ्या. तो शेवटी ठेवला तर निम्मे लोक घड्याळाकडे बघत हात वर करतात.

कोरम, म्हणजे सभेला लागणारी किमान उपस्थिती, पूर्ण आहे ना ते पाहा, मागच्या सभेचं इतिवृत्त कायम करा आणि पुढे सरका.

खरी कसोटी ठरावाच्या वेळी लागते. तासभर चर्चा होते, सगळे माना डोलावतात, आणि प्रत्येकाच्या मनात ठराव मात्र वेगळा असतो. एका सभेत ‘इमारतीची दुरुस्ती लवकर करून घ्यावी’ यावर एकमत झालं होतं. मी सचिवांना ते वाक्य मोठ्यानं वाचायला सांगितलं. लगेच प्रश्न आले: लवकर म्हणजे कधी? पैसे कुठल्या निधीतून? देखरेख कोण करणार? सभा लांबली, पण इतिवृत्तात तारीख, रक्कम आणि जबाबदार सभासदाचं नाव आलं. म्हणून मतदानाआधी ठराव शब्दशः वाचून घ्याच. उपसूचना, म्हणजे ठरावात बदल सुचवणारी सूचना, आली असेल तर आधी तिच्यावर मत घ्या, मग मूळ ठरावावर.

तेच ते बोलणाऱ्याला दटावू नका. त्याचा मुद्दा एका वाक्यात परत सांगा आणि ‘नोंदवून घेतलाय’ म्हणा. आपलं ऐकलं गेलं हे कळलं की माणूस थांबतो. गप्प बसलेल्याला ‘तुमचं मत काय’ असं विचारण्यापेक्षा ‘तुमच्या कामावर याचा काय परिणाम होईल’ असं विचारा.

स्वतःला हिरिरीनं बाजू मांडायची असेल, तर तेवढ्या विषयापुरती खुर्ची उपाध्यक्षांकडे द्या.

समसमान मतं पडली आणि नियमांनी तुम्हाला निर्णायक मत दिलं असेल, तर ब्रिटनच्या कॉमन्स सभागृहाचे सभापती डेनिसन यांनी 1867 मध्ये घेतलेली भूमिका उपयोगी पडते. जिथे सभागृहात बहुमत नाही, तिथे सभापतींनी ते स्वतःच्या मतानं तयार करू नये. चर्चेला वाव असेल तर ती चालू ठेवावी, नाहीतर आहे ती स्थिती राहू द्यावी. प्रस्ताव मनापासून पटलेला असतानाही मी हेच पाळतो. असा विषय पुढच्या सभेत पुन्हा आणता येतो, पुरेशी माहिती जमवून.