कॉर्डलेस जिगसॉ घेताना आधी बॅटरी ठरवावी, मग यंत्र

जिगसॉ, म्हणजे अरुंद पाते वर-खाली हलवून लाकूड किंवा पत्रा कापणारी हातातली विजेची करवत, घ्यायला गेलेला माणूस दुकानात आधी यंत्रच हातात घेऊन पाहतो, आणि ते साहजिकही आहे. पण कॉर्डलेसच्या, म्हणजे बॅटरीवर चालणाऱ्या यंत्राच्या, बाबतीत खरी निवड बॅटरीची असते. एका कंपनीची बॅटरी सहसा दुसऱ्या कंपनीच्या यंत्राला बसत नाही, त्यामुळे दोन बॅटऱ्या आणि चार्जर घरात आले की पुढचे ड्रिल, ग्राइंडर किंवा ब्लोअरही त्याच मालिकेतले घ्यावे लागते. घरात आधीपासून एखाद्या कंपनीचे १८ व्होल्टचे ड्रिल असेल, तर त्याच मालिकेतला जिगसॉ ‘फक्त बॉडी’ म्हणून, म्हणजे बॅटरी-चार्जरशिवाय, मिळतो का हे प्रथम विचारावे. तसे झाल्यास खर्चात मोठी बचत होते.

मुळात कॉर्डलेस हवाच का, याचेही उत्तर स्वतःला द्यावे. धुळ्यात किंवा जळगावात पक्की कार्यशाळा असेल आणि काम एकाच टेबलावर होत असेल, तर वायरचा जिगसॉ स्वस्त पडतो आणि दिवसभर न थकता चालतो. मात्र रावेर-यावलच्या केळीच्या मळ्यातली शेड, शहाद्याकडच्या शेतातला गोठा किंवा बांधकाम चालू असलेले घर, जिथे वीज कधी असते आणि कधी नसते, अशा ठिकाणी कॉर्डलेसला पर्याय नाही.

व्होल्टेजच्या आकड्यांनी गोंधळून जाऊ नये. लिथियम-आयन बॅटरीत साधारण ३.६ व्होल्टचे सेल असतात. असे पाच सेल एकापुढे एक जोडले की १८ व्होल्ट होतात. तीच बॅटरी पूर्ण चार्ज झाल्यावर काही काळ २० व्होल्टच्या वर दाखवते, म्हणून कोणी डब्यावर ‘२० व्होल्ट मॅक्स’ लिहितो, तर कोणी ‘२१ व्होल्ट’, ताकद एकच. बाजारात स्वस्त बॅटऱ्यांवर ‘४८ व्होल्ट’ किंवा ‘८८’ असे आकडे छापलेले दिसतात, आणि आत पुष्कळदा तेच पाच, किंवा पाच-पाचच्या दोन रांगांतले दहा, सेल असतात. १०.८ किंवा १२ व्होल्टची यंत्रे हलकी असतात आणि पातळ प्लायवर चांगली चालतात, पण सागवान किंवा बाभळीचे लाकूड कापायचे असेल तर १८ व्होल्टच्या खाली जाऊ नये.

आता क्षमता. व्होल्टला अँपिअर-अवरने गुणले की बॅटरीतली ऊर्जा वॉट-अवरमध्ये मिळते: १८ व्होल्ट, २ अँपिअर-अवर म्हणजे ३६; ४ अँपिअर-अवर म्हणजे ७२. जुन्या बनावटीच्या ४ अँपिअर-अवरच्या बॅटरीत सहसा पाच सेलच्या दोन रांगा असतात, त्यामुळे कठीण लाकडात ताण आला तरी भार वाटला जातो आणि बॅटरी कमी तापते. पण तिचे वजनही जवळजवळ दुप्पट असते, आणि जिगसॉने गोलाई कापताना मनगटावर येणारा तो भार लगेच जाणवतो.

माझे स्पष्ट मत असे की आपल्या भागात ५ अँपिअर-अवरची एक मोठी बॅटरी घेण्यापेक्षा मध्यम क्षमतेच्या दोन घ्याव्यात. याचे कारण आपला उन्हाळा. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांपर्यंत आणि कधी त्याच्याही वर जातो. लिथियम-आयन बॅटरी चार्ज करण्यासाठी साधारणपणे हीच वरची मर्यादा मानली जाते. जोराच्या कामानंतर गरम झालेली बॅटरी चार्जरवर ठेवली, तर चांगला चार्जर दिवा लुकलुकवत ती थंड होण्याची वाट पाहतो आणि तोवर चार्जिंग सुरूच करत नाही. दुपारी पत्र्याच्या शेडमध्ये ही वाट लांबत जाते. दोन बॅटऱ्या असतील तर एक सावलीत निवत असताना दुसरीवर काम चालू राहते. गाडीच्या डिकीत किंवा उन्हात उभ्या केलेल्या टेम्पोत बॅटरी कधीही ठेवू नये, आणि काम बरेच दिवस बंद राहणार असेल तर ती अर्धवट चार्ज करून घरातल्या थंड कोपऱ्यात ठेवावी. परदेशातून कोणी किट आणून देत असेल तर चार्जरवरचे व्होल्टेज वाचून घ्यावे. अमेरिकेतला फक्त १२० व्होल्टचा चार्जर आपल्या २३० व्होल्टवर लावला की जळेल.

यंत्र पाहताना स्ट्रोकची लांबी, वेग आणि मोटर या तीन गोष्टी महत्त्वाच्या. पाते एका वेळी जितके वर-खाली होते तो स्ट्रोक. २६ मिलिमीटरच्या आसपास असला तर जाड लाकडातून भुसा नीट बाहेर पडतो. मकिता कंपनीचे उदाहरण घ्यावे: डीजेव्ही १८० मध्ये ब्रशची, म्हणजे घासून झिजणारे कार्बनचे तुकडे असलेली, मोटर आहे आणि वेग मिनिटाला २६०० स्ट्रोकपर्यंत, तर डीजेव्ही १८२ ब्रशलेस असून वेग ८०० ते ३५००, स्ट्रोक मात्र दोन्हींचा २६ मिलिमीटरच. ब्रशलेस मोटर त्याच बॅटरीवर अधिक काम देते, म्हणून रोज वापर असेल तर जास्तीचे पैसे वसूल होतात. अधूनमधूनच्या वापराला ब्रशची पुरते. ऑर्बिटल झोक्याची, म्हणजे पाते वर-खाली होताना पुढे-मागेही किती झुलेल ते ठरवणारी, कळ हवीच: पत्रा आणि सनमायकासाठी शून्यावर, कठीण लाकडासाठी एकवर, मऊ लाकूड झटपट कापायचे असेल तर दोन-तीनवर.

दुकानात शक्य असेल तर पाऊण इंची प्लायचा तुकडा कापून पाहावा आणि कापलेल्या कडेला गुण्या (काटकोन तपासायचे साधन) लावावा. गुण्या आणि कड यांच्यामध्ये उजेड दिसला, तर बेसप्लेट, म्हणजे यंत्राच्या तळाची पट्टी, ढिली आहे किंवा पात्यामागचा रोलर नीट टेकत नाही. ही तपासणी कागदावरच्या सगळ्या आकड्यांपेक्षा अधिक सांगून जाते.

आपल्याकडे धाब्याची जुनी घरे उतरवली की उत्तम सागवान निघते, आणि त्यातून चौकटी, टीपॉय, देव्हारे होतात. या लाकडात गंजून लाकडाच्याच रंगाचे झालेले खिळे दडलेले असतात. साधे पाते त्यावर एका झटक्यात बोथट होते. तिथे बायमेटल, म्हणजे लवचीक पाठीला कठीण पोलादाचे दात जोडलेले, पाते वापरावे. दोन इंचांहून जाड तुकडा जिगसॉने कापू नये, कारण पाते आत वाकते: वरची रेघ सरळ दिसते आणि तुकडा उलटवला की खालची कड भलतीकडे गेलेली असते.

पात्याचे यंत्रात बसणारे टोक टी आकाराचे आहे ना ते पाहावे. आजची बहुतेक यंत्रे तेच घेतात. लाकूड भराभर कापायला टी १४४ डी, स्वच्छ कडेसाठी टी १०१ बी, कानबाई किंवा गणपतीच्या मखराची महिरप कापायला अरुंद टी ११९ बीओ, आणि १ ते ३ मिलिमीटर पत्र्यासाठी टी ११८ ए ही पाती बहुतेक कामे भागवतात. नेहमीच्या पात्याचे दात वर ओढतात, त्यामुळे झिलप्या वरच्या बाजूला निघतात. सनमायकाची चांगली बाजू खाली ठेवावी किंवा उलट्या दातांचे टी १०१ बीआर घ्यावे. पाते बदलण्यापूर्वी बॅटरी काढावी आणि कापताना डोळ्यांवर गॉगल असावा.

पैसे देण्याआधी किटच्या पेटीत बॅटऱ्या किती व किती क्षमतेच्या आहेत, चार्जर जलद आहे की साधा, आणि दुरुस्तीची सोय जळगाव-धुळ्यात आहे की यंत्र नाशिकला पाठवावे लागेल, हे विचारून घ्यावे. यंत्राची आणि बॅटरीची वॉरंटी पुष्कळदा वेगवेगळ्या मुदतीची असते. दोन्ही मुदती आणि दोन्हींचे क्रमांक बिलावर लिहून घ्यावेत.