फिजिक्स मेजर, खगोलशास्त्र मायनर: साताऱ्यात शिकताना

खगोलशास्त्र मायनर घेताय म्हणून लगेच दुर्बीण विकत घेऊ नका. या विषयात आकाशाखाली जेवढा वेळ जातो, त्याच्या कितीतरी पट वही आणि लॅपटॉपसमोर जातो. गोलीय त्रिकोणमिती, ताऱ्यांचे वर्णपट, मोजमापातल्या त्रुटी आणि पायथन, खरा अभ्यास हा. मेजर फिजिक्स किंवा गणित असेल तर सोपं जातं. कॅल्क्युलस कच्चं असेल तर आधी ते पक्कं करा.

मला विषयाची गोडी लावली ती अल्गॉलने. ययाती तारकासमूहातला हा तारा दर २ दिवस २१ तासांनी मंदावतो, कारण त्याचा अंधूक जोडीदार त्याच्यासमोरून जातो. १७८३ मध्ये अवघ्या १८ वर्षांच्या जॉन गुडरिकने हे कारण सुचवलं, तेही नुसत्या डोळ्यांच्या निरीक्षणावरून! आपल्यालाही ते जमतं. हिवाळ्यात यवतेश्वरच्या पुढे, कासच्या रस्त्याला, शहराचे दिवे मागे पडले की अल्गॉलची तुलना देवयानीतल्या अल्माकशी करायची. एरवी दोघं जवळपास सारखेच तेजस्वी. जोडीदार अल्गॉलला झाकतो त्या रात्री मात्र अल्गॉल २.१ प्रतीवरून ३.४ पर्यंत उतरतो (प्रत म्हणजे तेजाचं माप; आकडा मोठा तेवढा तारा मंद). लाल टॉर्चच्या उजेडात दर अर्ध्या तासाला वेळ आणि अंदाजे प्रत लिहायची. उतरून पुन्हा चढायला साधारण १० तास लागतात, म्हणून किमान तेज मध्यरात्रीच्या आसपास येईल अशी रात्र आधीच हिशेबाने काढून ठेवा. आपल्याच नोंदींच्या आलेखात तो खड्डा उमटलेला पाहणं, याला तोड नाही.

पावसाळ्यात साताऱ्याचं आकाश विसराच. ते महिने गाया मोहिमेच्या, म्हणजे तारे मोजणाऱ्या अंतराळ दुर्बिणीच्या, मोफत डेटाला द्या. कृत्तिकांमधल्या ताऱ्यांचा रंग आणि तेज यांचा आलेख स्वतः काढा. ताऱ्यांचं आयुष्य त्यात उलगडत जातं. प्रकल्पासाठी याहून चांगली सुरुवात मला माहीत नाही.

पुण्यातल्या आयुका या खगोलशास्त्र संशोधन संस्थेची व्याख्यानं चुकवू नका. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना आहेत. विज्ञान दिनाच्या सुमारास तिथे लोकांना प्रवेश असतो, तेव्हा जाऊन या.

नुसत्या मायनरवर नोकरी मिळत नाही, हे घरी आधीच स्पष्ट सांगा. एम.एस्सी.साठी जॅम, पुढे संशोधनासाठी जेस्ट अशा परीक्षा असतात आणि त्यांत भर फिजिक्सवरच असतो. त्यामुळे शेवटच्या वर्षी निरीक्षणाच्या रात्री कमी झाल्या तरी चालतील, मेकॅनिक्स आणि क्वांटमची गणितं रोज सोडवा.