महाधमनीची सूज एमआरआयवर शोधताय? या चुका टाळा

टाकायासू (महाधमनी आणि तिच्या मोठ्या शाखांच्या भिंतीला सूज येणारा) आजाराची शंका असलेल्या तरुण मुलींचे बाहेर झालेले स्कॅन माझ्याकडे दुसऱ्या मतासाठी येतात. बहुतेकांत एकच गोष्ट खटकते. तपासणी धमनीच्या पोकळीची, म्हणजे रक्त वाहतं त्या आतल्या जागेची झालेली असते, भिंतीची झालेलीच नसते.

अँजिओ झाली की पेशंटला उठवणं

बाविशीतली मुलगी होती. तीन महिने बारीक ताप, वजन उतरलेलं, मानेची एक बाजू दाबली की दुखायची, ईएसआर (सूज दाखवणारी रक्ततपासणी) 90 च्या वर. बाहेर एमआर अँजिओग्राफी (एमआरआयवर धमन्यांची पोकळी पाहणं) झाली आणि दोन ओळींचा रिपोर्ट आला: महाधमनी व शाखा नॉर्मल. मग तापाचीच औषधं चालू राहिली. आठ महिन्यांनी आमच्याकडे आली तेव्हा डाव्या मनगटाची नाडी लागत नव्हती. आईने पिशवीतून जुनी सीडी काढून माझ्या हातात दिली. ‘‘तेव्हा तर सगळं नॉर्मल म्हणाले होते हो, डॉक्टर.’’

ती सीडी मी पूर्ण पाहिली. कॉन्ट्रास्ट (शिरेतून टोचायचं, चित्रात उजळणारं औषध) धमनीतून पहिल्यांदा धावतो त्या वीसेक सेकंदांचीच चित्रं होती. पोकळी खरोखर गुळगुळीत होती, रिपोर्टात खोटं काही नव्हतं. पण या आजारात सूज आधी भिंतीत धरते, तिच्या बाहेरच्या थरांत, भिंतीलाच रक्त पुरवणाऱ्या बारीक वाहिन्यांभोवती. पोकळी आक्रसते ती पुष्कळ नंतर. कॉन्ट्रास्टमधलं गॅडोलिनियम पेशींच्या आत शिरत नाही. सुजलेल्या भिंतीत ते वाहिन्यांतून झिरपतं आणि पेशींमधल्या जागेत रेंगाळतं. रक्तातून ते ओसरू लागलं की भिंत उजळलेली उठून दिसते. त्या वेळेला पेशंट मशीनमध्ये हवा ना! ती मुलगी तेव्हा कपडे बदलून बाहेर बसली होती.

तेव्हापासून इंजेक्शनची वेळ मी कागदावर लिहून ठेवतो आणि 10 मिनिटं झाल्याशिवाय भिंतीचा शेवटचा सिक्वेन्स (चित्रांचा संच) लावू देत नाही. मधला वेळ फुकट जात नाही, त्यात हृदयाची आणि महाधमनीची सिने (हलती) चित्रं होतात. पेशंटला आधीच सांगायचं, ‘‘ताई, इंजेक्शननंतर अजून थोडं पडून राहायचंय.’’ सांगितलं की सगळ्या राहतात. ‘पुढचा पेशंट खोळंबलाय’ हे कारण मी ऐकून घेत नाही. आणि रिपोर्टात नुसतं ‘महाधमनी नॉर्मल’ लिहू नका. पोकळीचं एक वाक्य, भिंतीचं वेगळं वाक्य. भिंत पाहिलीच नसेल तर तसं स्पष्ट लिहा.

कॉन्ट्रास्टआधीचं चित्र गाळणं

नवे रेसिडेंट घाई करतात ती इथे. टी-वन या प्रकारच्या एमआरआय चित्रात चरबी पांढरी दिसते, कॉन्ट्रास्ट घेतलेली भिंतही पांढरी दिसते, आणि महाधमनीभोवती चरबीच चरबी. फॅट सॅट (चरबीचा उजेड दाबणारी सोय) लावला नाही तर कडा कुठे संपते ते कळत नाही. मान, खांदे आणि फुप्फुसाजवळ साधा फॅट सॅट अर्धवट लागतो, तिथे मी डिक्सन (चरबी आणि पाणी वेगळं काढणारी पद्धत) वापरतो.

पण फॅट सॅट लावूनही कॉन्ट्रास्टआधीचं तेच चित्र, तेच काप, तेच आकडे ठेवून घेतलेलं नसेल, तर उजळ भिंतीचा अर्थ लावूच नका. एका साठीच्या गृहस्थांना छातीत दुखत होतं. भिंत जाड आणि उजळ दिसली म्हणून सुजेचा रिपोर्ट तयार झाला, स्टिरॉइडची चर्चा सुरू झाली. आधीचं चित्र घेतलेलं होतं, पण कुणी उघडलं नव्हतं. ते उघडलं तर भिंत तिथेही तितकीच पांढरी! ते भिंतीत साकळलेलं रक्त होतं. त्याला लागतो तो रक्तदाबावर ताबा आणि शस्त्रक्रियेच्या डॉक्टरांना तातडीचा फोन. म्हणून मी दोन्ही चित्रं शेजारी शेजारी लावल्याशिवाय एक अक्षर लिहीत नाही.

बाकीच्या, थोडक्यात

ब्लॅक ब्लड (वाहतं रक्त काळं दाखवणाऱ्या) चित्रात फुगलेल्या भागातलं संथ रक्त काळं होत नाही आणि भिंत जाड असल्याचा भास होतो. दुसऱ्या प्रतलात आणि सिनेवर ताडून पाहा. कॉन्ट्रास्टनंतर रक्ताचा टी-वन (सिग्नल सावरायला लागणारा वेळ) घटतो, त्यामुळे इन्व्हर्शनची वेळ (रक्त काळं पडावं म्हणून मशीनवर ठरवलेली थांबण्याची वेळ) जुनीच ठेवली तर रक्त करडं उरतं.

चढती महाधमनी ठोक्यागणिक हलते. ईसीजी गेटिंग (चित्र ठोक्याशी जुळवून घेणं) जोडायचा कंटाळा करू नका.

कॉन्ट्रास्ट उजव्या हातातून द्या. डाव्या हातातून दिला तर कमानीसमोरून जाणाऱ्या शिरेतलं दाट गॅडोलिनियम शाखांचे उगम झाकतं.

फक्त छातीवर थांबू नका. आपल्याकडे पोटातली महाधमनी आणि मूत्रपिंडाच्या धमन्या बऱ्याचदा या आजारात सापडतात. त्याच कारणाने क्रिएटिनिन (मूत्रपिंडांची रक्ततपासणी) आधी पाहा. मूत्रपिंडं फार कमजोर असताना जुन्या प्रकारच्या गॅडोलिनियमने त्वचा दगडासारखी कडक होण्याचा आजार होतो, हा संबंध 2006 पासून माहीत आहे. पेशंट बहुधा तरुण बाई असते, तेव्हा पाळी कधी आली हे विचारल्याशिवाय सुई टोचू नका.

स्टिरॉइड सुरू करून मग ‘जमेल तेव्हा’ एमआरआय, हे नको. भिंतीतला उजळपणा औषधाने ओसरतो, म्हणून स्कॅन आधी किंवा पहिल्या काही दिवसांतच. अपवाद एकच: पन्नाशीपुढच्या पेशंटमध्ये जायंट सेल आजाराची (उतारवयातली धमन्यांची सूज) शंका आणि नजर धोक्यात असेल, तर स्कॅनसाठी औषध अडवू नका.

ताप आहे आणि महाधमनीला एका बाजूने पिशवीसारखा फुगवटा आहे, तर आधी जंतुसंसर्ग, त्यात क्षयसुद्धा, डोक्यात आणा.

ईएसआर नॉर्मल म्हणजे भिंत शांत, असं नाही. भिंत उजळली म्हणजे आजार पेटलेलाच, असंही नाही. जुन्या व्रणातही गॅडोलिनियम रेंगाळतं. म्हाताऱ्या माणसात तर मेदाचे थरही उजळतात.

आणि दोन स्कॅनची तुलना डोळ्यांच्या अंदाजाने करू नका. मी रिपोर्टाच्या तळाशी सिक्वेन्स, इंजेक्शननंतरची मिनिटं आणि मोजमापाची नेमकी जागा लिहितो: ‘डाव्या सबक्लेव्हियनच्या (हाताकडे जाणाऱ्या धमनीच्या) उगमाखाली 2 सेंमी, मागची भिंत, 4 मिमी.’ सहा महिन्यांनी दुसऱ्या कुणी पाहिलं तरी त्याला तीच जागा सापडते.