चिंचोक्यांवर पोकर शिकताना या चुका टाळा

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, खान्देशात झोके बांधले जातात आणि पत्तेही निघतात. आमच्या जळगावकडच्या ओट्यावर तीन पत्तीच्या जोडीला आता पोकरही बसतो, तोही चिंचोक्यांवर. नवीन माणूस अडखळतो त्या जागा ठरलेल्या आहेत.

पहिली अडचण तीन पत्तीच्या सवयीची. तिथे सिक्वेन्स (ओळीने लागलेली पानं) कलरला (सगळी पानं एकाच चिन्हाची, म्हणजे सगळी बदाम वगैरे) मारतो, पोकरमध्ये कलर सिक्वेन्सला. प्युअर सिक्वेन्स, म्हणजे ओळीने आणि एकाच चिन्हाची पानं, सोडला तर तीन पानांत सिक्वेन्स ७२० प्रकारे जमतो आणि कलर १,०९६ प्रकारे. पाच पानांत सिक्वेन्स १०,२०० आणि कलर फक्त ५,१०८. जे कमी वेळा येतं ते भारी, एवढंच सूत्र. ‘ब्लाइंड’चा अर्थही बदलतो: तीन पत्तीत ते पानं न बघता खेळणं, पोकरमध्ये ती पानं वाटण्याआधी दोघांनी भरायची रक्कम असते.

चिंचोके अगदीच फुकट ठेवू नका. फुकट असले की कुणी पॅक होत नाही, म्हणजे पानं टाकून डाव सोडत नाही, आणि पॅक होणं हाच तर या खेळातला अर्धा अभ्यास. आम्ही प्रत्येकाला २०० देतो, ब्लाइंड १ आणि २. संपले की त्याने सगळ्यांना चहा पाजायचा. तेवढी झळ पुरते.

सगळ्यात महागात पडतं ते ‘देखी लेऊत’, म्हणजे ‘बघून घेऊ’ म्हणत भरणं. हातात बदामाची दोन पानं, टेबलावर सगळ्यांच्या सामाईक पाचपैकी चार पानं उघडलेली, त्यात दोन बदाम. एक बदाम आला की कलर. मध्ये ३० चिंचोके आहेत आणि समोरचा ३० टाकतो. म्हणजे तुमचे धरून ९० च्या डावासाठी तुम्हाला ३० भरायचे, तिसरा हिस्सा. न दिसलेल्या ४६ पानांत बदाम उरले ९, म्हणजे १०० मध्ये जेमतेम २० वेळा कलर लागणार. पॅक व्हा. त्याने ५ च टाकले असते तर ४० साठी ५ भरायचे होते. तिथे खुशाल भरा. पान तेच, हिशोब वेगळा. हे एकदा बोटांवर मोजायला लागलात की खेळच बदलतो. एकाच चिन्हाची कुठलीही दोन पानं धरून बसणाऱ्यांनी हेही लक्षात ठेवावं: शेवटपर्यंत बसलं तरी त्यांचा कलर १०० मध्ये साधारण ६ वेळाच होतो.

छोट्या डावात ब्लफ, म्हणजे हलक्या पानावर भारी असल्याचा आव आणणं, जवळपास सोडूनच द्या. मध्ये आहे तेवढीच रक्कम टाकून ब्लफ केला, तर समोरचा निम्म्या वेळी तरी पॅक व्हायला हवा. ओट्यावर तो होत नाही. चांगलं पान आलं की मात्र लाजू नका, भरपूर टाका.

हरलेलं भरून काढायला डाव वाढवणं, किंवा मोबाइलवर पैसे लावणं, हे मला मनापासून खटकतं. ऑगस्ट २०२५ च्या केंद्राच्या कायद्याने पैशांचे ऑनलाइन गेम बंद केले आहेत. कौशल्याचा खेळ म्हणून सूट नाही. आपल्या राज्यात १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदाही आहेच.

त्यापेक्षा एक वही ठेवा. जिंकलो की हरलो ते नको, का भरलं ते लिहा. माझ्या वहीत एका पानावर सलग चार वेळा ‘बदामाची वाट पाहिली’ असं आहे. चारही वेळा समोर किती टाकले होते, ते मी लिहिलेलंच नाही.